आत्याबाईंचं घर आणि ‘वरखर्चाचा’ पगार

(पत्र थोडं कमी करून देत आहे.)

‘काका, आम्ही सुदामा नगरात भाड्याने राहतो. मिस्टर पीथमपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, हातात ३८,००० येतात. येत्या जूनमध्ये तिथे पाच वर्षं होतील. सकाळी साडेसातला निघतात, घरी यायला कधी आठ, कधी नऊ. मी राजवाड्याजवळ एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघते, १६,००० मिळतात. भाडं १४,०००, वर मेंटेनन्स १,५००. मुलगी चौथीत आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. मिस्टरांच्या आत्याबाईंचं महेश्वरला जुनं घर आहे, दोन वर्षं कुलूपबंद. आत्याबाई मुलाकडे पुण्याला असतात. त्या म्हणतात, या, राहा, भाडं नको, घर जागतं राहील. महेश्वरलाच एका हॉटेलात मिस्टरांना हिशेबाचं काम मिळतंय, २४,०००. म्हणजे पगार १४,००० कमी, पण घराचे १५,५०० वाचतात. उलट दीड हजाराचा फायदाच. सासूबाई म्हणतात तिथून मुलीला नवोदय विद्यालयही मिळेल. माझी नोकरी सुटेल, पण ती तशी वरखर्चाचीच. सगळे तयार आहेत, माझंच मन धजत नाही. मी चुकतेय का?’
— एक वाचक, इंदूर

ताई,

नाही, तुम्ही चुकत नाही आहात. चुकलाय तो हिशेब, आणि तोही एकाच जागी. वजाबाकी मी तीनदा तपासली, ती बरोबर आहे. पण पत्रात असलेली एक रक्कम हिशेबात आलेलीच नाही. तुमचे १६,०००. दिवसभर दुसऱ्यांची रिटर्न्स भरणाऱ्या बाईने स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडताना स्वतःचाच पगार गाळला! क्लायंटने असा कागद आणला असता तर तुम्ही तो दारातूनच परत केला असता.

पुन्हा मांडू. आज दोघांचे मिळून ५४,०००. घराचे १५,५०० गेले की उरतात ३८,५००. महेश्वरला २४,०००, घराला काही नाही, उरतात २४,०००. फरक साडेचौदा हजारांचा. आता तुमच्या नोकऱ्यांपायी होणारा खर्च यातून काढायला हवा. तुमच्या स्कूटीचं पेट्रोल, यजमानांचं जाणं-येणं, पोळ्यांना बाई असेल तर तिचा पगार, दमून आल्यावर बाहेरून मागवलेलं. आकडा तुम्ही दिलेला नाही, मी साडेचार हजार धरतो. म्हणजे खड्डा दहा हजारांचा, दर महिन्याला. दीड हजाराचा फायदा कुठे आणि हे कुठे!

आणि ‘हातात ३८,०००’ म्हणजे पीएफ कापून ना? तुमच्या यजमानांचा पीएफ अगदी कमीत कमी, म्हणजे मूळ पगारातल्या १५,००० वरच कापला जात असेल, तरी १,८०० त्यांचे आणि १,८०० कंपनीचे असे ३,६०० महिन्याला बाजूला पडताहेत (त्यातले काही पेन्शनला जातात, ते असो). वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या हॉटेलला पीएफ सक्तीचा नाही. नसेल तर दहाचे तेरा हजार सहाशे करा. हा पैसा रोज दिसत नाही म्हणून तो गेल्याचंही कळत नाही.

‘वरखर्चाचा’ हा शब्द मला टोचला, कारण एके काळी तो मीही वापरला आहे. १९८७ साली बँकेने माझी बदली बडवाहला केली. घर असं मिळालं की विचारू नका. पुढे ओसरी, मागे परस, परसात विहीर आणि लिंबाचं झाड. भाडं ३०० रुपये. इंदूरला आम्ही दीड खोलीत राहत होतो आणि संडास तीन बिऱ्हाडांत एक. माझी बायको तेव्हा इंदूरच्या एका शाळेत शिकवायची, सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, तुझ्या पगारात असं काय आहे, तेवढे तर इथे भाड्यातच वाचतात. तिने राजीनामा दिला. महिन्यातून एकदा मीटरगेजच्या गाडीने इंदूरला यायचो, घाटात कालाकुंडला गाडी थांबली की पानावरचा कलाकंद घ्यायचो, आणि मला वाटायचं, आपलं किती छान चाललंय. चार वर्षांनी परत आलो. तिला नोकरी मिळाली, पण पहिल्या पायरीवर. जिला तिने फळ्यावर लिहायला शिकवलं होतं ती मुलगी आता तिची सुपरवायझर होती. आजही पीएफचं जुनं पासबुक निघालं की ती काही बोलत नाही, मिटून कपाटात ठेवते.

लक्षात घ्या, माझा पगार बडवाहला एका रुपयानेही कमी झाला नव्हता. तुमच्या यजमानांचा होणार आहे.

मोठ्या शहरातून लहान गावात गेलं की घर किती स्वस्त पडतं, याचा एक अंदाज सरकारनेही करून ठेवला आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता गावानुसार मिळतो. सातव्या वेतन आयोगात, जानेवारी २०२४ पासून, सर्वांत मोठ्या शहरांत मूळ पगाराच्या ३० टक्के, इंदूरसारख्या शहरांत २० टक्के, आणि महेश्वरसारख्या गावांत १० टक्के. म्हणजे इंदूर सोडून महेश्वरला जाणाऱ्या माणसाचं घर मूळ पगाराच्या दहा टक्क्यांनी स्वस्त होतं असं सरकार मानतं, आणि तेवढेच कापतं. मूळ पगाराला हात लावत नाही. महेश्वरच्या पोस्टात बदलून आलेला माणूस घाटावर निवांत बसलेला दिसतो तो त्यामुळे. तुमच्या यजमानांचा मात्र अख्खा पगारच जवळजवळ ३७ टक्क्यांनी उतरतोय.

आता जरा तुमचे यूपीआयचे तीन महिन्यांचे व्यवहार काढा आणि वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे गावाच्या भावाने मिळतं ते लिहा. घरभाडं, दूध, भाजी, मोलकरीण, शिंपी, न्हावी, सुतार. उजवीकडे जे देशाच्या भावाने मिळतं ते. गॅस, मोबाइलचा रिचार्ज, तेलाचं पाकीट, साबण, सासूबाईंच्या गोळ्या, विम्याचा हप्ता, स्कूटीचा टायर, मुलीचं पुढचं शिक्षण. छापील किंमत महेश्वरला कमी होत नाही. औषधाच्या पाकिटावर जो आकडा सुदामा नगरात असतो तोच तिथेही असतो, फक्त तिथे दुकानदार म्हणतो, ‘ही कंपनी संपलीये, परवा मागवतो.’ डावी बाजू स्वस्त होईल, उजवी जशीच्या तशी राहील, आणि पगार मात्र दोन्ही बाजूंना पुरवायचा तो गावाच्या भावाचा. बहुतेक घरांत डावीकडे भाडं सोडलं तर फारसं मोठं काही नसतं. मुलगी चौथीत आहे म्हणून तुम्हाला ते अजून जाणवत नाही. ती दहावीला पोचेल तेव्हा उजवी बाजू एकदम वाढेल.

घर स्वस्त असण्याची एक किंमत उन्हाळ्यात कळते. महेश्वर निमाडात, खाली, नर्मदेकाठी. आपण माळव्यात, वर पठारावर. घाटमाथ्यावरच्या जाम गेटपाशी उभं राहिलात की हा फरक डोळ्यांना दिसतो आणि मे महिन्यात अंगालाही जाणवतो. आपल्याकडे रात्री वारा सुटतो, तिथे भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. वीजबिलाची मध्य प्रदेश सरकारची सवलत तुम्हाला माहीत असेलच. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये. १५० ओलांडले की त्या महिन्यापुरती सवलत गेली. कूलरवर भागवलंत तर कदाचित आत राहाल. पण बीपी असलेल्या ७२ वर्षांच्या बाईंना निमाडच्या मेमध्ये कूलरवर ठेवणार आहात का? एसी लावला की १५० युनिट पंधरा-वीस दिवसांत संपतात.

(तुमच्या नळाला आज जे पाणी येतं ना, तेही तिथलंच. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून १९७८ पासून नर्मदा पंप लावून विंध्याचा डोंगर चढवून इंदूरला आणतात. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती, ती १८१८ साली इंदूरला आली. राजधानीमागून पगाराच्या नोकऱ्या वर आल्या आणि मग पाणीही आलं. खाली उरला घाट, आणि साड्यांचे माग. घाट फार सुंदर आहे, यात वाद नाही.)

आता घर. ‘भाडं नको, घर जागतं राहील’ हे आत्याबाईंनी मनापासून म्हटलं असेल. पण दोन वर्षं कुलूप असलेलं, जुन्या विटांचं आणि लाकडी खांबांचं घर तुम्ही उघडाल तेव्हा काय दिसेल ते मी सांगतो. दाराच्या चौकटीला बोट लावलं की बोट आत जातं. वाळवी. वरची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, माकडांनी सरकवलेली, त्याखाली भिंतीवर हिरवा ओघळ. वायरिंग कापडी वेष्टनाचं. कवेलू दर वर्षी पावसाळ्याआधी चाळून घ्यावी लागतात, आणि ते काम येणारी माणसं आता शोधावी लागतात. पहिल्या वर्षी या सगळ्याला किती लागेल ते एखाद्या मिस्त्रीला नेऊन विचारा, मग त्याला बाराने भागा आणि ‘भाडं’ म्हणून महिन्याच्या हिशेबात धरा. शून्य राहणार नाही.

दुसरं म्हणजे ते घर तुमचं नाही. आत्याबाईंच्या मागे मुलगा आहे. उद्या त्याने विकायला काढलं तर तुम्ही लावलेल्या फरशीचे पैसे कोण देणार? आत्याबाईंना म्हणा, आम्ही महिना दोन हजार देतो, घ्याच. अकरा महिन्यांचा करार लिहून घ्या, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता होईल असं त्यात स्पष्ट घाला. हा फोन तुम्ही करा, यजमानांना करू देऊ नका. भाचा आत्याशी पैशाचं बोलत नाही, तो नुसता ‘हो हो’ म्हणतो.

नवोदयचं स्वप्न सासूबाईंना कुणीतरी दाखवलेलं दिसतं. नवोदयमध्ये सहावीला प्रवेश मिळतो आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, हे खरं. पण त्या कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. तुमची मुलगी तिसरी-चौथी इंदूरला शिकली. आणि महेश्वर आपल्याला गाव वाटलं तरी तिथे नगर परिषद आहे, म्हणजे कागदावर ते शहर. तेव्हा तिला परीक्षा द्यायची तर खुशाल द्या, पण उरलेल्या थोड्या जागांतूनच यावं लागेल. त्या आशेवर घर हलवू नका.

सासूबाईंबद्दल एवढंच, की महेश्वरला जा वा न जा, ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड आधी काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला मिळकतीची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर कार्ड घेऊन गाडीत बसायचं आणि नव्वद किलोमीटरचा घाटरस्ता चढून इंदूरला यायचं, हे चित्र एकदा चौघांनी बसून डोळ्यांसमोर आणा. त्यांना महेश्वर हवंय ते का, हेही विचारा. रोज घाटावर जाऊन नर्मदेला हात जोडायचे असतील तर त्या इच्छेला मी कमी लेखत नाही. आमच्या आईने तेवढंच मागितलं होतं, आणि आम्ही तिला ते दिलं नाही.

यजमानांच्या बाजूनेही बोलायला हवं. साडेसातला गेलेला माणूस नऊला परततो, त्याला लेकीची वही बघायलाही वेळ मिळत नाही. ते महेश्वरच्या घराला भुललेले नाहीत, ते रोजच्या प्रवासाला कंटाळलेत, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर औषध दुसरं आहे. पीथमपूरच्या वाटेवर, राऊच्या बाजूला घर बघा. त्यांचं जाणं-येणं बरंच कमी होईल. तुमचं राजवाड्यापर्यंतचं थोडं वाढेल, मुलीची शाळा बदलेल किंवा व्हॅन लावावी लागेल. त्याची कटकट आहेच. पण दोन्ही पगार शाबूत राहतात, आणि ‘सानंद’ संस्थेचं नाटकही चुकत नाही.

तरीही महेश्वरच मनात असेल, तर मला विचाराल तर सगळी गोष्ट यजमानांच्या २४,००० वर ठरत नाही, तुमच्या लॅपटॉपवर ठरते. जीएसटीची महिन्याची दोन रिटर्न्स, जीएसटीआर-१ ची तारीख ११, ३बी ची २०. हे काम राजवाड्याजवळ बसूनच व्हायला पाहिजे असा काही नियम नाही. सीएंना विचारा, मी महेश्वरहून करते, महिन्यातून दोनदा ऑफिसला येते, सोळाचे बारा करा. त्यांना नवीन माणूस शिकवत बसण्यापेक्षा ते परवडेल. ‘हो’ म्हणाले तर दहा हजारांचा खड्डा बहुतेक भरून निघतो, आणि मग महेश्वर हा वेडेपणा राहत नाही. ‘नाही’ म्हणाले तर यजमानांना निदान ३४,००० मिळायला हवेत, आणि तेवढे ते हॉटेल देईल असं मला वाटत नाही. विचारायला हरकत नाही. विचारताना हेही विचारा, की २४,००० बारा महिने आहेत की फक्त सीझनचे, आणि जेवण त्यात धरलंय का.

सीएंशी बोलायच्या आधी घरात एकदा यजमानांशी बोला. ‘माझे सोळा हजार’ असंच म्हणा. वरखर्च हा शब्द घरातून काढून टाका.

आणि काहीही ठरलं तरी यजमानांनी जूनच्या आधी राजीनामा द्यायचा नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. शेवटचा मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. मूळ पगार १९,००० असेल तर ५४,८०० च्या आसपास होतात. चार वर्षं अकरा महिन्यांवर राजीनामा देऊन आलेले लोक मी बँकेत समोर बसलेले पाहिलेत, त्यांना ते समजावून सांगताना फार वाईट वाटायचं. पीएफही काढून घेऊ नका, नव्या ठिकाणी असेल तर वर्ग करा, नसेल तर तसाच राहू द्या.

मुलीला सुट्टी लागली की मेमध्ये तुम्ही, ती आणि सासूबाई तीन आठवडे त्या घरात राहून या. दिवाळीत जाऊ नका, दिवाळीत महेश्वर कुणालाही आवडेल. यजमान शनिवारी येतील. भाजी तुम्ही आणा, गोळ्या तिथल्याच दुकानातून घ्या, एकदा सासूबाईंना तिथल्या डॉक्टरांकडे नेऊन बीपी तपासून घ्या, आणि लॅपटॉप घेऊन जा, २० तारखेचं एखादं रिटर्न तिथल्या नेटवर भरून बघा. पोचाल त्या दिवशी आणि निघाल त्या दिवशी विजेच्या मीटरचा फोटो काढा. दोन्ही फोटो मला पाठवा, युनिट आपण मिळून मोजू.